टाकून दिलेले चौदा केस

खिडकीच्या चौकटीखाली चौदा केस पडले होते.

राजश्री सुर्वेने ते चिमट्याने एकेक उचलले आणि काळ्या कागदावर ओळीने मांडले. सगळे पांढरे. सगळ्यांत आखूड केस बहात्तर सेंटीमीटरचा, सगळ्यांत लांब एकोणऐंशीचा. प्रत्येकाचं एक टोक निमुळतं होत गेलेलं, दुसरं टोक तुटकं. तिने भिंगातून चौदाही तुटकी टोकं पाहिली. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिली. एकाही केसाला मूळ नव्हतं.

"काय दिसतंय?" गंगारामने विचारलं.

"जे दिसत नाही तेच बघतेय."

गंगारामने मान डोलावली. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढलेल्या या माणसाला समोरच्याने तिकीट काढलंय की नाही हे चेहऱ्यावरून कळायचं. बाकी आपल्याला फारसं कळत नाही, असं तो स्वतःच सांगे. राजश्रीने प्रयोगशाळेतली नोकरी सोडून रत्नागिरीत तपासाचं काम सुरू केलं, तेव्हापासून तो तिची गाडी चालवत होता.

केसांचा मालक तबेल्यात उभा राहून दोघांकडे नाराजीने पाहत होता. रेसकोर्सवर त्याचं नाव सॉल्ट विंड. वय वीस. पळायचा तेव्हा अंगाने राखाडी होता, आता नाकपुड्या सोडल्या तर दुधासारखा पांढरा. फणसोपच्या उंच कातळसड्यावरच्या या घरात त्याला सगळे आप्पा म्हणत, कारण घर त्याच्या मर्जीने चाले.

गंगाराम त्याची शेपटी पाहायला पाठीमागे गेला. धाडकन आवाज झाला. लाथ फळीला बसली, गंगाराम दाराबाहेर होता.

"अहो, मागे नका जाऊ!" मालिनी शेवडे म्हणाल्या. "अनोळखी माणूस मागे उभा राहिलेला आप्पाला खपत नाही."

"हे आधी सांगायचं, वहिनी."

"सांगणारच होते. तुम्ही फार चपळ निघालात."

राजश्रीला बोलावणं त्यांनीच धाडलं होतं. गेल्या आठवड्यात त्यांच्या नवऱ्याला, भास्कर शेवड्यांना, आप्पाच्या शेपटीत, अगदी वर बुडाशी, रुपयाएवढी विरळ जागा दिसली. कोणीतरी केस उपटले होते. शेवड्यांनी थेट आप्पाची देखभाल करणाऱ्या खंडूला विचारलं. खंडू गप्प राहिला. शेवड्यांनी त्याला रविवारपर्यंत निघून जायला सांगितलं.

"खंडू आप्पाजवळ तो शिंगरू असल्यापासून आहे," मालिनीवहिनी म्हणाल्या. "पुण्याकडच्या पैदाशीच्या फार्मवर असताना खंडूला टायफॉइड झाला, तर या घोड्याने दाण्याला तोंड लावलं नाही. आता खंडूला काढलं तर दोघंही झुरतील. आणि चोरी त्याने केली असं मला वाटत नाही. आज शुक्रवार. तुमच्याकडे दोन दिवस आहेत."

भास्कर शेवडे ओटीवर बसले होते. मागची भिंत घोड्यांच्या फोटोंनी भरलेली होती.

"डर्बी धरून अकरा मोठ्या शर्यती," ते म्हणाले. "पण ते सोडा. घोडा स्वतः किती जिंकला त्यापेक्षा त्याची पिल्लं किती जिंकली ते बघायचं. आप्पाची एकशे त्र्याऐंशी पिल्लं. त्यांतली एकशे सात जिंकली. आता नातवंडं पळतायत. हा फोटो बघा, ही त्याची मुलगी. मान बघा."

"डावीकडे कललेली आहे."

"सगळी तशीच पळतात! मान किंचित डावीकडे. जॉकी वैतागतात, पण काढता येत नाही. रक्तातच आहे."

"बाप कोण हे नक्की कसं ठरवतात?"

"पिल्लाची नोंदणी करायची तर केस तपासायला जातात. पिल्लाचे, आईचे. आप्पाचे तर केव्हाच गेलेत. ते काम खंडूकडेच असायचं. शेकडो वेळा केलंय त्याने."

"मग आप्पा इथे का आला?"

शेवड्यांचा आवाज खाली आला. "शेवटचे दोन हंगाम एकही घोडी गाभण राहिली नाही. डॉक्टर म्हणाले, संपलं. मी म्हटलं, मग तो माझ्या घरी येऊन राहील. खाडीच्या या बाजूला एवढा एकच पांढरा घोडा आहे. माणसं मुद्दाम बघायला येतात."

"आणि खंडूवर संशय कशावरून?"

"मुंबईच्या रेसवाल्यांमध्ये हल्ली खूळ आहे. सॉल्ट विंडच्या शेपटीचा केस पाकिटात ठेवला की नशीब उघडतं म्हणे. खंडूचा भाचा तिथेच कामाला. आप्पाच्या मागे उभं राहणारा माणूस एकच. आणि विचारलं तर तोंडात गुळणी धरून बसलाय! निर्दोष माणूस बोलतो."

"इतक्या वर्षांत दुसरी काही तक्रार?"

"नाही. खोटं कशाला बोलू. इथे आलो तेव्हा अट एकच घातली होती, आप्पाला एक दिवसही सोडून जायचं नाही. ती त्याने पाळली. गेल्या वर्षी मार्चमध्ये हिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आम्ही तीन आठवडे मुंबईत होतो. तेव्हाही इथे आमचा मुलगा वरद आणि खंडूच होते."

खंडू आप्पाचं अंग खराऱ्याने घासत होता. राजश्रीने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याने तोच हात चालू ठेवून उत्तर दिलं.

"केस तुम्ही काढले?"

"नाय."

"कोणी काढले ते माहीत आहे?"

खरारा थांबला, पुन्हा सुरू झाला. "मी विकले नाय. यापरीस जास्ती मला बोलायचं नाय, बाई."

राजश्री खिडकीकडे गेली. तबेल्यात उजेड येणारी जागा तेवढीच होती. मागे गंगाराम आणि खंडू हळू आवाजात काहीतरी बोलत होते. दोघंही संगमेश्वर तालुक्यातले निघाले, तेव्हा बोलणं लवकर संपणार नव्हतं. तिने गंगारामला तिथेच सोडलं.

आंब्याच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये वरद शेवडे भेटला. वय अठ्ठावीसच्या आसपास, हाताला आंब्याचा चीक, बोलणं घाईचं.

"मला काय विचारता? घोडे म्हणजे बाबांचं खातं. मी तबेल्याकडे फिरकतही नाही."

"भीती वाटते?"

"आवड नाही. मला पेट्या बऱ्या. लाथ मारत नाहीत."

एवढ्यात खंडू आप्पाला आंघोळीसाठी शेडवरून घेऊन चालला. मागोमाग गंगाराम आला. मालिनीवहिनींनी दिलेला पिकलेला आंबा त्याच्या हातात होता आणि अर्धा मिशीत. आप्पा मध्येच थांबला. गंगारामकडे पाहून त्याने कान मागे पाडले. मग मान लांब करून तो वरदजवळ गेला आणि त्याच्या शर्टाच्या उजव्या खिशात नाक खुपसलं.

"चल, हो तिकडे," वरद घाईने म्हणाला. "अंगाला आंब्याचा वास येतो ना, म्हणून."

खंडूने दोरी ओढली. आप्पा नाइलाजाने गेला.

"मला पण आंब्याचा वास येतोय की," गंगाराम पुटपुटला. "माझ्यावर मात्र कान पाडतो."

वेद लिमये दोन वळणं सोडून राहत होता आणि मुलांना व्हायोलिन शिकवायचा. गेल्या पावसाळ्यात त्याने शेवड्यांकडे आप्पाच्या शेपटीचे केस मागितले होते, असं वहिनींनी सांगितलं होतं.

"मागितले होते ना," वेद म्हणाला. "व्हायोलिनच्या गजाला घोड्याचेच केस लागतात. पांढरे, लांब, घोडीपेक्षा घोड्याचे बरे. शेवडेकाका म्हणाले, आप्पा काय वाद्यांचं दुकान आहे का? विषय संपला."

राजश्रीने काळा कागद उलगडला. वेद खाली वाकला आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा! कसले सरळ आहेत! हे कुठे मिळाले?"

"जमिनीवर. मुळं नाहीत त्यांना."

"मुळांचं काय करायचंय? गजात बसवताना दोन्ही टोकं कापायचीच असतात. एका गजाला दीडशे तरी लागतात." त्याने कागद स्वतःकडे किंचित ओढला. "असे केस कोण टाकून देतं? वेडा आहे का?"

"वेडा नसावा," राजश्री म्हणाली आणि कागद मिटला. वेदचा हात हवेतच राहिला.

शेवटी राहिल्या आवडाबाई. आप्पाचा केस मागणाऱ्यांत वहिनींनी त्यांचंही नाव सांगितलं होतं. फणसोपला दारोदार मासळी देणाऱ्या आवडाबाई संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर सापडतील असं कळलं होतं. त्यांचा मुलगा अजिंक्य तिथे सुरूच्या बनापाशी घोडी ठेवून पर्यटकांना फेऱ्या मारून आणायचा.

किनाऱ्यावर फेऱ्यांचे घोडे पाच होते. राजश्रीने रंग पाहून ठेवले. तीन लाल, एक तपकिरी, एक काळा.

"व्हय, मागितला होता," आवडाबाईंनी लगेच सांगून टाकलं. "लपवू कशाला? नातवाला सारखी दृष्ट लागते. पण मला एक केस पायजे होता, एक! आणि तो आपसूक गळलेला. ओढून काढला तर घोड्याला दुखतं, मग गुण उलटा येतो. आमच्यात असंच हाय."

राजश्रीने कागद दाखवला.

"अगो बाय! एवढे? पडलेलेच ना? मग एक द्या की."

"सध्या तो पुरावा आहे, आवडाबाई."

"मग पुरावा संपला की द्या. मला घाई नाय, पोराला आहे."

त्यांच्या मागून एक शिंगरू उड्या मारत आलं. अंग गडद चॉकलेटी, पाय अंगाच्या मानाने भलतेच लांब. दोन्ही डोळ्यांभोवती पांढऱ्या केसांची बारीक गोल कडी होती. ते गंगारामला हुंगून पाण्याच्या कडेने सुसाट पळत सुटलं आणि तसंच परत आलं.

"हा आमचा चष्मा," आवडाबाई म्हणाल्या. "पोरांनी नाव ठेवलं. डोळ्याभोवती बघा की, चष्मा लावल्यागत."

"जन्मला तेव्हा होता हा चष्मा?"

"नाय. जन्मला तेव्हा निसता काळपट. हे आता आता दिसायला लागलं."

"कधी झाला?"

"महाशिवरात्रीला," अजिंक्य म्हणाला. त्याची घोडी मैना बाजूलाच उभी होती, तपकिरी, काळ्या आयाळीची. तिला पांढरा केस औषधालाही नव्हता.

"आणि बाप?"

अजिंक्यने समुद्राकडे पाहिलं. "बाबल्याचा लाल घोडा. दुसरा कोण असणार?"

"बाबल्याचा?" आवडाबाई उसळल्या. "त्याचे पाय बघितलेस का? पाटाच्या पायांएवढे हायत! आणि हे पोर—"

"आये, गप ना."

आवडाबाईंनी तोंड मिटलं, पण चेहरा बोलतच राहिला.

परतताना भाट्याच्या पुलावर गंगारामने निकाल दिला. "मॅडम, मला तर सगळे निर्दोष दिसले. प्रत्येकाकडे तिकीट आहे."

"खंडूशी काय बोलत होतात एवढं?"

"काही नाही हो, गावच्या गोष्टी. त्याने नवीन घर बांधलंय. गेल्या शिमग्याला ग्रामदेवीची पालखी पहिल्यांदा त्याच्या अंगणात नाचली. ती नाचवताना त्याचाच खांदा होता. सांगताना डोळे भरून आले त्याचे. मलाही आमच्या पालखीची—"

"गाडी बाजूला घ्या."

गंगारामने घेतली. "काय झालं?"

"पुन्हा सांगा. गेल्या शिमग्याला? या वर्षीच्या नाही?"

"गेल्याच. या वर्षी जमलं नाही म्हणाला. का हो?"

राजश्री खिडकीतून खाडीकडे पाहत राहिली. मग हसली.

"गंगारामभाऊ, अख्खी केस तुम्ही सोडवलीत."

"मी? कशी?"

"ते उद्या सांगते. उद्या संध्याकाळी सगळ्यांना किनाऱ्यावर यायला सांगा."

शनिवारी ऊन कलल्यावर सगळे सुरूच्या सावलीत जमले. भास्कर शेवडे घरची खुर्ची घेऊन आले होते. मालिनीवहिनी, वरद, वेद वाळूत बसले. खंडू थोडा लांब, पाठ ताठ ठेवून उभा होता. अजिंक्य मैनेची दोरी धरून होता आणि आवडाबाई सगळ्यांना दिसेल अशा जागी बसल्या होत्या. चष्मा आईच्या पलीकडे होता.

"तमाशा नको," शेवडे म्हणाले. "चोर कोण तेवढं सांगा."

"चोराने काय नेलं हे आपल्याला दिसत नाही," राजश्री म्हणाली. "काय टाकलं ते दिसतं. चौदा केस. लांब, स्वच्छ, सरळ. वेद, तुम्ही ते टाकले असते का?"

"छे! जपून ठेवले असते."

"आवडाबाईंना तर एकच हवा होता आणि तोही गळलेला. मुंबईत विकायचे असते तर विकणाऱ्यानेही चौदा केस जमिनीवर सोडले नसते. पाकिटात ठेवायला तुटका केस चालतो. नशिबाला मूळ लागत नाही."

गंगाराम मोठ्याने हसला आणि शेवड्यांनी पाहिल्यावर थांबला.

"म्हणजे या चौदा केसांत असं काहीतरी कमी होतं, की ते त्या माणसाच्या उपयोगाचे नव्हते. कमी होतं ते मूळ. केसाच्या मुळाशी जिवंत पेशी असतात. त्याच लागतात, अशी गोष्ट एकच. शेवडेसाहेब, ती तुम्ही मला स्वतः सांगितलीत."

शेवड्यांच्या कपाळावर आठी पडली. "तपासणी. पण पिल्लूच नाही तर बाप कोणाचा ठरवायचा?"

"त्याकडे येते. तो माणूस खिडकीशी उभा राहिला, कारण तिथे उजेड आहे. प्रत्येक केस डोळ्यांपुढे धरून मूळ आलंय का पाहिलं. आलं तो ठेवला, तुटला तो टाकला. चौदा तुटले, म्हणजे हात सरावाचा नव्हता. खंडूने हे काम शेकडो वेळा केलंय."

मालिनीवहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा समुद्राकडे पाहत होता.

"आता पिल्लू. अजिंक्य, जरा मैनेला बाजूला घे."

अजिंक्यने वरदकडे पाहिलं. मग मैनेला बाजूला घेतलं. शेवड्यांना शिंगरू पहिल्यांदा नीट दिसलं.

"राखाडी घोडे जन्मतः राखाडी नसतात," राजश्री म्हणाली. "काळे, लाल, तपकिरी असे जन्मतात आणि वर्षानुवर्षं पांढरे होत जातात. आप्पाही तसाच झाला. पांढरे केस बहुतेक वेळा सगळ्यांत आधी दिसतात ते डोळ्यांभोवती. पोरांनी याचं नाव चष्मा उगीच ठेवलेलं नाही. हे शिंगरू पुढे पांढरं होणार."

"मग?" वेदने विचारलं.

"राखाडी पिल्लाचे आईबाप दोघंही गडद असूच शकत नाहीत. निदान एक राखाडी लागतो. ही खूण पिढी गाळून खाली येत नाही. मैना तपकिरी. बाबल्याचा घोडा लाल. किनाऱ्यावर पाच घोडे, त्यांत राखाडी एकही नाही. आणि खाडीच्या या बाजूला पांढरा घोडा एकच आहे, हे तुमचेच शब्द, शेवडेसाहेब."

शेवडे खुर्चीतून उठले. "अशक्य. डॉक्टर म्हणाले होते, संपलं. आणि आप्पा सड्यावरून खाली उतरलेलाच नाही!"

"घोडी अकरा महिने गाभण असते. चष्मा महाशिवरात्रीला जन्मला. मागे मोजत जा."

गंगारामची बोटं हलायला लागली. माघ, पौष, मार्गशीर्ष... तो थांबला. "शिमगा!"

"गेल्या वर्षीचा शिमगा. तेव्हा तुम्ही दोघं मुंबईत होतात. आणि खंडूच्या नव्या अंगणात पालखी पहिल्यांदा येणार होती. गंगारामभाऊ, कोकणातला माणूस अशा वेळी कुठे असतो?"

"पालखीखाली. दुसरीकडे कुठे असणार?"

खंडूने मान खाली घातली. "तीन दिस गेलो होतो, साहेब. अट मोडली मी."

"मग आप्पाला बघायला घरात एकच माणूस उरतो," राजश्री म्हणाली. "जो तबेल्याकडे फिरकत नाही असं सांगतो. पण आप्पा त्याचा खिसा ओळखतो. उजवा. आंब्याचा वास गंगारामभाऊंनाही येत होता, त्यांना मात्र आप्पाने कान दाखवले."

वरद उभा राहिला. कपड्यांवरची वाळू झटकायला त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.

"खिशात गूळ असतो," तो म्हणाला. "त्या तीन दिवसांपासून सवय लागली त्याला. आणि मला. बाबा, मीच खंडूकाकांना जा म्हटलं होतं. आपल्याकडची पालखी सड्यावर आली, ढोल वाजायला लागले आणि आप्पा बिथरला. फळ्या तोडायला लागला. मी त्याला शांत जागी म्हणून इथे आणलं. सुरूला बांधलं आणि अजिंक्यकडे पाणी आणायला गेलो. परत आलो तर दोरी तुटलेली होती. आणि आप्पा एकटा नव्हता."

"मैना पण," अजिंक्यने खाली बघत जोडलं.

"शिंगरू झालं, तरी मला खात्री वाटेना. तुम्हीच म्हणत होतात, संपलं. मग डोळ्यांभोवती पांढरं दिसायला लागलं. म्हटलं आधी नक्की करू, मग तुम्हाला सांगू. शिंगराचे आणि आप्पाचे केस काढून खासगीत तपासायला पाठवले; नोंदणीवाल्यांकडे गेलो असतो तर तुम्हाला लगेच कळलं असतं. अहवाल यायच्या आत तुम्ही खंडूकाकांना जा म्हणालात."

"आणि तू गप्प बसलास?" मालिनीवहिनींचा आवाज चढला.

"सांगितलं असतं तर खंडूकाका तीन दिवस नव्हते हे कळलं असतं, आई. ते मला नको म्हणाले. उद्या सकाळी मी सांगणारच होतो. ते निघायच्या आत."

"आणि मी बोललो असतो," खंडू म्हणाला, "तर वरदने आप्पाला खाली नेलं, ते बाहेर आलं असतं. साहेबांनी त्याला घरात ठेवला नसता."

गंगाराम सगळ्यांकडे पाहत होता. "म्हणजे दोघं एकमेकांचं तिकीट काढून बसले होते! आणि उतरायला कोणीच तयार नाही."

शेवड्यांनी खुर्ची मागे सारली. ते शिंगराजवळ गेले. चष्मा दचकला, वळला आणि पाण्याच्या कडेने पळत सुटला. लांब पाय वाळूला जेमतेम लागत होते. मान किंचित डावीकडे होती.

"बघितलंस?" शेवडे म्हणाले.

"दिसतंय मला," मालिनीवहिनी म्हणाल्या. "ऑपरेशन झालंय माझं."

"मान हा पुरावा नाही," राजश्री म्हणाली. "रंग आहे. खरा निकाल अहवालातच येईल. आणि संपलं म्हणजे शक्यता फार कमी. शून्य नव्हे."

शेवडे शिंगरू परत येईपर्यंत तिकडेच पाहत होते. मग खंडूसमोर जाऊन उभे राहिले.

"शिमग्याला जायचं होतं तर मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर सोडलं असतंत?"

"नसतं," ते म्हणाले. "अटच मूर्खपणाची होती. पुढच्या शिमग्याला सांगून जा. आठ दिवस जा. आप्पाला वरद बघेल. सड्यावरच. आणि उद्याचं ते... ते विसर."

खंडूने मान हलवली. त्याने खिशातून पंचा काढून तोंड पुसलं आणि मग उगाचच मैनेची आयाळ सारखी केली.

"याला शर्यतीत पळवता येईल का, साहेब?" अजिंक्यने विचारलं.

"नाही रे. आई शर्यतीच्या जातीची नाही, नोंदणी होणार नाही. हा पोरांना पाठीवर घेऊन भाट्याला फिरेल." शेवड्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नव्हतं. "घोडा तुझा आहे. मी रोज येऊन बघितला तर चालेल ना?"

"चालेल म्हणजे?" आवडाबाई मध्येच म्हणाल्या. "तुमचं घरचंच पोर हाय. येताना गूळ आणा. आणि बाई, पुरावा संपला काय?"

राजश्रीने काळा कागद उलगडला. एक केस आवडाबाईंना दिला. उरलेले तेरा वेदला दिले.

"आता एकशे सदतीस कमी पडतात," वेद म्हणाला.

"गळतील तसे ठेवून देईन," खंडू म्हणाला.

खंडूच्या जागी रविवारी पुण्याहून येणाऱ्या नव्या माणसाला शेवड्यांनी सकाळीच फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. खंडूने आप्पाला दाणा घातला. वरद दारात उभा होता आणि आप्पाचं नाक त्याच्या उजव्या खिशात होतं. या वेळी वरदने ते दूर सारलं नाही.

अहवाल बुधवारी आला. बापाच्या जागी सॉल्ट विंड धरून पिल्लाच्या सतरा खुणा तपासल्या होत्या. सतरा जुळल्या.